उत्तरेच्या भिंतीवरचे राजे

१२ जून १९९६

सामान लोव्रोच्या ट्रॅक्टरवर आणि मी सामानावर, अशी ब्रिन्येच्या डोंगरावर पोचले. लोव्रो झागार खालच्या गावातला द्राक्षबागायतदार. चर्चची घंटा वाजवायचं कामही त्याच्याच घराण्यात आहे. वाटेत म्हणाला, "बाई, आमच्या भिंतीला जपून हात लावा. माझी पणजी आहे तिथं." मला वाटलं, पुरलीय. वर आल्यावर कळलं, रंगवलीय.

चर्चच्या दारात फादर इग्नात्स उभे होते. सत्तरीच्या पुढचे, ताठ. दाढी केलेली, पण कानाखाली एक पट्टा राहून गेलेला. मी हात पुढे केला, तो तसाच राहिला. शेवटी त्यांचं घर सांभाळणारी रेझिकामावशी म्हणाली, "फादर, बाईंनी हात पुढे केलाय," तेव्हा त्यांनी तो घेतला. शहरातल्या बाईनं आधी हात पुढे करणं त्यांना आवडलं नसावं.

काम सरळ आहे. उत्तरेच्या भिंतीवर १८९१ सालचं चित्र आहे: गावची यात्रा डोंगर चढते आहे. चित्रकार फिरस्ता होता, हात बेताचा, पण चेहरे गावातल्या खऱ्या माणसांचे काढलेत. भिंतीला ओल धरलीय, गिलावा फुगलाय, टिचकी मारली की पोकळ वाजतो. आठ सप्टेंबरला येशूच्या आईच्या, मारियाच्या जन्माचा सण, मोठी यात्रा असते. त्याआधी गिलावा पक्का करून द्यायचा. नाव होईल असं काम नाही हे.

१४ जून

चर्च मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं. मुख्य दालन जुनं, जाड भिंतींचं. खिडक्या म्हणजे नुसती भोकं. त्याच्या पुढे वेदीचा भाग दोनशे वर्षांनी बांधलेला. तो उंच, उजेडाचा, छताला दगडी फासळ्यांची चांदणी. पण दोन्ही भाग एका रेषेत नाहीत. दारातून पाहिलं तर वेदी डावीकडे कललेली दिसते. जेवताना विचारलं.

"गावकरी सांगतात, क्रुसावर येशूची मान कलली होती, तसं बांधलंय," फादर म्हणाले.

"आणि तुम्ही काय सांगता?"

"सरळ बांधलं असतं तर वेदी कड्याखाली गेली असती. खडक तिथं संपतो."

मग खुलले. चर्च मुळात पायथ्याशी बांधायचं होतं म्हणे. दिवसा रचलेले दगड देवदूत डोंगरावर नेऊन ठेवायचे. "देवदूत शहाणे होते. खालच्या जहागीरदाराच्या मळ्यातून यात्रेकरूंनी तुडवत जाऊ नये, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं." भोवतीचा उंच कोट तुर्की स्वारांच्या काळातला. धूर दिसला की अख्खं गाव गुराढोरांसकट आत येऊन राहायचं. कुठल्या कोपऱ्यात कुठल्या घराची गाय बांधत, यावरून अजून भांडणं होतात.

माणूस रसाळ आहे. फक्त बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात. जुन्या पाद्र्यांची बायकांशी बोलायची पद्धत असेल.

आणखी एक गंमत. इथं फादरांना कुणी भेटलं की आधी स्वतःचं नाव सांगतात. "लोव्रो आलोय, फादर. येशूची स्तुती असो." रोज भेटणारा माणूससुद्धा. जुनी रीत दिसते. विचारायला हवं.

१९ जून

परांची बांधून झाली. रेझिकामावशीशी पहिलं भांडण.

"ती बादली तिथं ठेवायची नाही."

"मग कुठं ठेवू?"

"जिथं असते तिथं."

"ती कुठंच नसते, मावशी. मी आज आणलीय."

"मग तुझ्या खोलीत ठेव."

नंतर तिनं फादरांना हाताला धरून परांचीभोवती दोनदा फिरवून आणलं, नव्या सुनेला घर दाखवतात तसं. त्यांनी प्रत्येक खांबाला हात लावून पाहिला. माझ्या बांधणीवर विश्वास नाही बहुतेक.

२५ जून

घोड्याचा खूर सापडला.

उजवीकडे एक पापुद्रा आपोआप सुटून आला, त्याखाली चुन्याचे थर, आणि त्याखाली दुसराच गिलावा. गुळगुळीत, दगडासारखा घट्ट. खूर, मग घोट्यावरचे केस, एकेक केस वेगळा काढलेला. संध्याकाळपर्यंत एका हिरव्या बाहीचा तुकडा निघाला. अशा चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीवर काय असतं हे मला पाठ आहे: तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला घोड्यांवरून निघालेले, आणि टोकाला मारिया मांडीवर बाळ घेऊन बसलेली. रंगकामावरून पंधराव्या शतकाची सुरुवात. हातातली नस्तराची पाती खाली ठेवून फळीवर बसले.

राजधानीतल्या आमच्या पुरातत्त्व कचेरीत फोन केला. श्टूर्म साहेब माझे वरिष्ठ. सहसा माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आज होऊ दिलं. मग म्हणाले, "वरचं काढून टाक."

"वरची सगळी गावातली माणसं आहेत, साहेब."

"हौशी रंगारी होता तो, पोलोना. असं खालचं जन्मात एकदा हाताला लागतं."

ते खरंच आहे. वरचं चित्र डिंक लावलेल्या कापडावर सोलून उतरवता येतं, पण थर फार पातळ आहे. निम्मे चेहरे वाचतील. कदाचित.

२६ जून

फादरांना सांगितलं. म्हटलं, "या ना वर, दाखवते."

"तूच सांग," म्हणाले.

सांगितलं. खूर, घोट्याचे केस, बाही.

"बाहीचा रंग?"

"हिरवा."

"हिरवे पुष्कळ असतात, पोरी."

माझी परीक्षा चाललीय असं वाटून राग आला. तरी विचार करून म्हटलं, "द्राक्षाचं पान उलटं केलं की पाठीला असतो ना, तसा. किंचित पांढुरका." त्यांनी मान हलवली. रेझिकामावशीनं मला न विचारताच कुट्टूच्या उकडीवर आणखी दही वाढलं.

आता रोज जेवताना सांगायचं ठरलंय. माझ्या सरांनीसुद्धा मला इतकं नीट बघायला लावलं नव्हतं.

७ जुलै

रविवारची प्रार्थना, मिस्सा झाल्यावर लोक थांबले. बातमी फुटली होती.

"म्हणजे पणजीला काढून तिथं परदेशातले राजे बसवणार?" लोव्रोनं विचारलं.

मी म्हटलं, राजे पणजीच्या साडेचारशे वर्षं आधीपासून तिथं आहेत.

"इतकी वर्षं झाकलेलेच होते ना बहुतेक? मग त्यांना सवय आहे."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "माझ्या आजोबांचा फोटो नाही. लढाईत घर जळलं. त्यांचा चेहरा फक्त तिथं आहे." मी चित्राचं महत्त्व वगैरे काहीतरी बोलले, आणि बोलताना माझा आवाज मलाच श्टूर्म साहेबांसारखा वाटला.

सगळे फादरांकडे वळले. ते म्हणाले, ऑगस्टमध्ये कचेरीची समिती येईल, बिशपांचा माणूसही येईल, तेव्हा बोलू.

११ जुलै

पाऊस. आणखी एक पापुद्रा सुटला आणि मधल्या राजाचा चेहरा निघाला. तरुण, जरा कंटाळलेला, लांबच्या प्रवासात माणूस कंटाळतो तसा. मला हे सगळं उघडं करायचंय. दुसऱ्या कुणी करू नये असंही वाटतं.

१८ जुलै

मी वरची एक फळी पुढे सरकवली होती. फादर नेहमीसारखे वेदीकडे निघाले आणि कपाळ थाडकन त्यावर आपटलं. रक्त आलं. रेझिकामावशी धावत आली. "फळी कुणी हलवली?"

"मीच. पण लाल रंग दिलाय तिला, मावशी. भरदिवसा दिसत नाही का?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. फादर कपाळावर रुमाल दाबून म्हणाले, "चूक माझी. मी दुसरा विचार करत होतो." म्हातारी माणसं चालताना बघत नाहीत, आणि ओरडा आपण खायचा.

२ ऑगस्ट

आज फोटो धुवून आले. तरुण राजाचा मोठा फोटो फादरांना अंगणात नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, जरा लांब नेला, म्हणाले, "फार सुंदर. विशेषतः डोळे."

फोटो उलटा होता. राजाचा मुकुट खाली, हनुवटी वर.

मी "फादर, तो उल—" एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी फोटो हळूच परत दिला. कपाळावरची खपली अजून पडलेली नाही.

मावशी परसात शेंगा तोडत होती. तिच्या शेजारी जाऊन बसले. "कधीपासून?"

तिनं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "तीन वर्षं होतील. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं."

"आणि मिस्सा?"

"पन्नास वर्षं म्हणतोय माणूस. पुस्तक समोर असतं ते शोभेला."

"गावाला कळलं तर?"

"गाव काय आंधळं आहे?" ती म्हणाली. मग शेंग टोपलीत टाकून, "बिशपांच्या घरी कळलं तर त्यांना शहरात नेतील, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या वसतिगृहात. तिथं त्यांना दरवाजा कुठं आहे तेसुद्धा माहीत नाही. तू बोलू नकोस, पोलोना."

नाही बोलणार म्हणून सांगितलं. खोलीत येऊन जूनपासूनची पानं वाचली. मला डोळे आहेत यावर माझं पोट भरतं.

३ ऑगस्ट

बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर खांद्यावर बाळ घेतलेला भलामोठा संत ख्रिस्तोफर आहे. सकाळी त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, म्हणून तो दरीतूनही दिसेल एवढा काढलाय. फादर रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहतात. आज मीही जाऊन उभी राहिले. "मी पोलोना," म्हटलं. पहिल्यांदाच तसं म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"म्हणजे कालचा फोटो उलटा होता तर," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलंच. तू एकदम गप्प झालीस."

मी विचारलं, ख्रिस्तोफर दिसत नाही, तर मग इथं रोज कशाला?

"तो मला बघतो ना. दोघांपैकी एकानं बघितलं तरी चालत असावं."

१० ऑगस्ट

भिंत पुन्हा सगळी वाजवून पाहिली. उजवीकडचा अर्धा वरचा थर मेलेला आहे. काही केलं तरी फार हिवाळे काढणार नाही. डावीकडचा मात्र घट्ट आहे, ठणठणीत. तो काढायचा म्हणजे जिवंत माणसाला पुरण्यासारखं. साहेबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "घट्ट असलं तरी निघतं."

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे मनात आली नव्हती असं पुढे म्हणता येणार नाही. गावाची सगळी भिस्त फादरांच्या शब्दावर आहे. त्यांना दिसत नाही एवढं मी साहेबांच्या कानावर घातलं, की चित्राबद्दल त्यांच्या मताला समितीत किंमत उरणार नाही. पूर्ण भिंत माझी. अख्खी दुपार हे डोक्यात होतं. फोन जिन्याखालीच आहे.

केला नाही.

२० ऑगस्ट

समिती आली. श्टूर्म साहेब, बिशपांचा तरुण सचिव, आणि बाक भरून गाव. साहेब छान बोलले. मग आदरानं फादरांकडे वळले. "फादर, दोन्ही चित्रं रोज तुमच्या डोळ्यांपुढे आहेत. तुम्हीच सांगा, मोलाचं कुठलं?"

लोव्रो उठला. "फादरांचं म्हणणं असं आहे की—"

"लोव्रो, बस," फादर म्हणाले. भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. तीन वर्षं झाली."

रेझिकामावशीनं एप्रनचं टोक तोंडाला लावलं. सचिव माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे.

"वरची यात्रा मला आठवते," फादर म्हणाले. "चाळीस वर्षं पाहिली. खालचे राजे या पोरीनं मला सांगितले. एक आठवणीतलं, एक ऐकलेलं. त्यांत मी निवाडा करणं लबाडी होईल. माझा शब्द गावाच्या बाजूनं पडेल म्हणून तुम्ही सगळे आशेनं बसलात, तो मी देऊ शकत नाही. पोलोनाला विचारा. तिनं हात लावून पाहिलंय."

 मग लोव्रोच बसल्या जागेवरून म्हणाला, "फादर, आम्हांला ठाऊक होतं."

"तुम्हांला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. नाहीतर रोज भेटणारा माणूस नाव कशाला सांगेल?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच नाक पुसलं.

मग मी बोलले. उजवी बाजू उतरवावी, कारण ती तशीही पडणार. मारिया, बाळ, पुढचे दोन राजे आणि त्यांचा एक घोडा उघडा होईल. डावी बाजू ठणठणीत आहे, तिला हात लावू नये. तिसरा राजा आणि बाकीचा लवाजमा गावाच्या चित्राखाली राहील. त्याला पुढची माणसं काय ते बघतील.

"पोलोना," साहेब हळू आवाजात म्हणाले, "अर्ध्या भिंतीवर तुझं नाव लागेल. पूर्ण भिंतीवर लागलं असतं."

"हो, साहेब."

लोव्रोनं विचारलं, "पणजी कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

 मागची ती बाई उठून भिंतीजवळ गेली, आजोबा कुठं आहेत ते बघितलं, डावीकडे, अगदी कडेला; आणि परत येऊन बसली. लोव्रोनं तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, "नीट उतरवाल?"

"प्रयत्न करीन. खात्री देता येणार नाही."

"खात्री दिली असती तर मी नाहीच म्हटलं असतं," तो म्हणाला.

साहेबांनी शेवटी सही केली. जाताना सचिवानं फादरांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावलं. फादर ऐकत होते, मान हलवत होते. सणाची मिस्सा करू देणार आहेत. त्यानंतर शहर.

माझ्या गप्प राहण्याचा काही उपयोग झाला नाही. जे व्हायचं ते त्यांनीच करून टाकलं.

३० ऑगस्ट

आज कापड सोललं. अकरा चेहऱ्यांपैकी सात चांगले आले. लोव्रोची पणजी आली; डोळे, रुमाल, हातातली मेणबत्ती, सगळं. तोंड मात्र भिंतीवरच राहिलं आणि पक्कं करायच्या आत भुगा होऊन पडलं. लोव्रोला बोलावलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

तो कापडाजवळ आला. "बोलायची फार, म्हणतात," तो म्हणाला. "पणजोबांना बरं वाटेल."

मग बाहेर जाऊन ट्रॅक्टरशी उगाच काहीतरी खुडबुडत बसला.

८ सप्टेंबर

यात्रा. पहाटेपासून माणसं चढत होती. कोटाच्या आत पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे भाजलेल्या मांसाचा आणि वाइनचा वास. फादरांनी मिस्सा म्हटली, पुस्तक न ठेवता. प्रवचनात निरोपाचं काही बोलले नाहीत, कोटाच्या दुरुस्तीबद्दल बोलले. नंतर माणसं रांगेनं हात मिळवायला आली आणि प्रत्येकानं नाव सांगितलं. काही लांबून आलेल्यांनीही. मावशीनं पोतित्साचे, अक्रोड भरून गुंडाळलेल्या गोड पावाचे, इतके तुकडे मला चारले की जेवण गेलं नाही.

नव्या उघडलेल्या भिंतीपुढे लोक थांबत होते. मुलं घोड्यापुढे. म्हातारी माणसं डावीकडे, आपापल्या माणसांपुढे.

११ सप्टेंबर

उद्या गाडी येणार. मावशी शहरात बहिणीकडे राहायला जातेय, वसतिगृहापासून दोन गल्ल्यांवर. "बहिणीला माझी गरज आहे," म्हणाली. बहिणीचा उल्लेख मी आज पहिल्यांदा ऐकला.

सकाळी फादर परांचीशी येऊन उभे राहिले. "वर नेतेस का?"

लोव्रो वरून हात धरायला, मी खालून. हळूहळू पोचलो. उघड्या हातानं चित्राला शिवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी त्यांचे हात कोमट पाण्यानं धुतले, पुसले, वाळू दिले, आणि उजवा हात धरून मारियाच्या प्रभावळीवर ठेवला. चित्रकारानं ओल्या गिलाव्यातच तिचे किरण दाबून काढलेत.

त्यांची बोटं एका किरणावरून बाहेर गेली, दुसऱ्यावरून आत आली. मधोमध थांबली. "इथं भोक आहे."

"कंपासचं. वर्तुळ काढायला टोक रोवलं होतं."

"त्या माणसानं?"

"त्यानंच."

"बरं," ते म्हणाले. बोटाचं टोक भोकात तसंच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. लोव्रोनं टोपी काढली.

मग ते स्वतःच डावीकडे सरकले. मी अडवलं नाही. घोट्यापासून कानापर्यंत इथल्या सगळ्या बाह्यरेषा ओल्यातच खोदलेल्या आहेत, हाताला लागतात. त्यांचा तळवा एका लांब उतारावरून खाली आला. "हा म्हातारा राजा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "गुडघे टेकलेला. किती शांत चेहरा आहे. नाक जरा मोठं आहे."

मी लोव्रोकडे पाहिलं. लोव्रोनं छताकडे पाहिलं.

"फादर," मी म्हटलं, "तो घोडा आहे."

ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग इतके की फळी हलायला लागली आणि लोव्रोनं मागून त्यांना कंबरेला धरलं. तोही हसत होता, आणि माझेही डोळे भरून वाहायला लागले. खाली दारात रेझिकामावशी येऊन उभी राहिली, हात पिठाचे.

"पडायचं आहे का तिघांना? उतरा आधी खाली."

"उतरतो, उतरतो," फादर म्हणाले, आणि घोड्याच्या नाकावरून पुन्हा एकदा हात फिरवू लागले.